सेंट किल्डा ते चेपॉक : प्रस्तावना

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल हा क्रिकेटपटूंच्या सोयीसाठी जन्माला आलेला खेळ आहे. १० जुलै १८५८ रोजी ‘बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया’ या मेलबर्नच्या साप्ताहिकात टॉम विल्सचे एक पत्र छापून आले. विल्स इंग्लंडच्या रग्बी शाळेत शिकून परतलेला आणि वसाहतीतला त्या काळचा नावाजलेला क्रिकेटपटू. हिवाळ्यात क्रिकेट बंद पडले की खेळाडूंचे अंग जड होते, म्हणून त्यांनी फुटबॉलचा क्लब काढावा आणि नियम ठरवायला छोटी समिती नेमावी, अशी त्याची सूचना होती. ते जमले नाही तर निदान बंदूक चालवण्याचा क्लब तरी काढावा, असेही त्याने सुचवले होते. बंदुकीची गरज पडली नाही. १७ मे १८५९ रोजी विल्स आणि त्याच्या सोबत्यांनी मेलबर्न क्रिकेट मैदानाजवळच्या एका हॉटेलात बसून दहा नियम लिहून काढले. जगातल्या इतर बहुतेक फुटबॉल प्रकारांचे नियम पक्के होण्याच्या आधीची ही गोष्ट.

या जन्मकथेचा परिणाम आजही मैदानावर दिसतो. सॉकर किंवा रग्बीचे मैदान आयताकृती असते. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे मैदान लंबगोल, कारण ते मुळात क्रिकेटचे मैदान आहे. त्याची मापेही ठाम नाहीत. लांबी १३५ ते १८५ मीटर आणि रुंदी ११० ते १५५ मीटर यांच्या दरम्यान असली की झाले. उन्हाळ्यात मधोमध खेळपट्टी, हिवाळ्यात दोन्ही टोकांना चार-चार खांब. एकाच गवतावर एकाच क्लबचे लोक वर्षभर खेळत. त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात दीडशे वर्षे असे खेळाडू घडत राहिले, की ज्यांच्या आयुष्याचा अर्धा भाग क्रिकेटच्या नोंदीत आहे आणि अर्धा फुटबॉलच्या. भारतीय वाचकाला त्यांचा क्रिकेटचा अर्धा भाग चांगला ठाऊक असतो. ‘माजी फुटबॉलपटू’ ही त्यांची दुसरी ओळख त्याच्यापर्यंत सहसा पोचत नाही.

चेन्नईत ही गोष्ट विशेष ठसठशीत दिसते. शहर मद्रास म्हणून ओळखले जात होते तेव्हापासून ऑस्ट्रेलियाचे संघ इथे येत आले आहेत आणि त्यांत मेलबर्नच्या सेंट किल्डा या एका फुटबॉल क्लबशी नाते असलेली माणसे पुन:पुन्हा भेटतात. कीथ मिलर, सॅम लॉक्स्टन, सायमन ओ’डॉनेल आणि शेन वॉर्न यांनी वेगवेगळ्या काळात तांबडा, पांढरा आणि काळा या सेंट किल्डाच्या रंगांत फुटबॉल खेळला आणि हे चौघेही पुढे क्रिकेटच्या निमित्ताने भारतात आले. या चार कारकिर्दी आणि त्यांच्या भोवतीच्या काही इतर कारकिर्दी हा या पुस्तकाचा विषय आहे.

खेळाची तोंडओळख

नवख्या वाचकाला खेळाची निदान जुजबी माहिती हवी. प्रत्येक बाजूचे १८ खेळाडू मैदानात असतात. चेंडू रग्बीसारखा लांबट असतो. ऑफसाइड हा प्रकारच नाही. कुणीही कुठेही उभे राहावे. चेंडू हातात घेऊन धावता येते, मात्र दर १५ मीटरांच्या आत तो एकदा जमिनीवर आपटावा किंवा टेकवावा लागतो. लांबट चेंडू धावता धावता आपटून पुन्हा हातात यायचा, तर तो नेमक्या तिरप्या कोनात टोकावर आपटावा लागतो. नवशिक्याचा चेंडू पहिल्या काही दिवसांत हमखास भलतीकडे उडतो. चेंडू हाताने फेकायला बंदी आहे. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने तो ठोसायचा. याला हँडबॉल म्हणतात.

गोलासाठी दोन उंच खांब मधोमध आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक बुटका खांब. वर आडवी दांडी नाही. मधल्या खांबांतून लाथेने गेलेला चेंडू म्हणजे गोल, त्याचे ६ गुण. बाजूच्या फटीतून गेला तर ‘बिहाइंड’, त्याचा १ गुण. थोडक्यात चुकलेल्या नेमालाही काहीतरी मोल देणारा हा हिशेब आहे. त्यामुळे धावफलक एरवीच्या फुटबॉलसारखा २–१ असा दिसत नाही. एकेका बाजूची बेरीज बऱ्याचदा शंभराच्या आसपास जाते. सामना वीस-वीस मिनिटांच्या चार भागांत होतो. वाया गेलेला वेळ भरून दिला जात असल्याने प्रत्यक्षात तो बराच लांबतो.

दोन कसबे या खेळाची खास ओळख आहेत. पहिले ‘मार्क’. किमान १५ मीटर लांबून लाथाडलेला चेंडू जमिनीवर पडण्याआधी स्वच्छ झेलला, की झेलणाऱ्याला विनाअडथळा लाथ मारण्याचा हक्क मिळतो. हा झेल घ्यायला चार-पाच जण एकाच जागी उडी मारतात. एखादा पुढच्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून वर चढतो, दोन्ही हात डोक्यावर नेतो आणि चेंडू बोटांत धरतो. दुसरे कसब ‘ड्रॉप पंट’. चेंडू उभा धरायचा, लाथ मारणाऱ्या पायाच्या रेषेत सरळ खाली सोडायचा आणि जमिनीला लागण्याआधी पावलाच्या वरच्या भागाने असा मारायचा, की तो टोकांवरून मागे गरगरत जाईल. असा फिरणारा चेंडू हवेत डगमगत नाही आणि झेलणाऱ्याच्या हातात सरळ येतो. जुन्या खेळाडूंच्या लाथा वेगळ्या असत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ड्रॉप पंटने त्या मागे टाकल्या.

क्लब, लीग आणि पैसा

मेलबर्न आणि परिसरातल्या क्लबांनी १८९६ मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीग स्थापन केली. पहिला हंगाम १८९७ चा. सेंट किल्डा त्या पहिल्या आठ क्लबांतला एक. १९८० च्या दशकात लीगने राज्याच्या सीमा ओलांडल्या आणि १९९० मध्ये तिचे नाव ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, म्हणजे एएफएल, असे झाले. दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया यांच्या स्वतंत्र लीग तोवर व्हिक्टोरियाच्या तोडीस तोड मानल्या जात. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड ही रग्बीची राज्ये, त्यामुळे तिथून आलेला क्रिकेटपटू माजी फुटबॉलपटू असलाच तर तो बहुधा वेगळ्याच फुटबॉलचा. रे लिंडवॉल हे त्याचे ठळक उदाहरण; तो रग्बी लीग खेळला. हा भूगोल लक्षात ठेवला नाही, तर कोणत्या क्रिकेटपटूने कोणता चेंडू लाथाडला, याचा घोळ होतो.

त्याहून महत्त्वाचे पैशाचे गणित. १९३० मध्ये व्हिक्टोरियन लीगने कूल्टर नियम म्हणून ओळखला जाणारा नियम केला. त्यानुसार खेळाडूला सामन्यामागे जास्तीत जास्त ३ पौंड देता येत. क्रिकेटमध्येही पोट भरेल इतका पैसा नव्हता. म्हणजे आठवडाभर नोकरी, शनिवारी सामना. हिवाळ्यात फुटबॉल, उन्हाळ्यात क्रिकेट. दोन्ही खेळ शौकाच्या आणि जोडउत्पन्नाच्या पातळीवर असल्याने दोन्हींत राहणे परवडत होते. दोन खेळांत चमकणारा माणूस ही त्या काळात नवलाची गोष्ट नव्हती. १९८० नंतर दोन्ही खेळ पूर्णवेळ व्यवसाय बनले, फुटबॉलमध्ये १९८६ पासून राष्ट्रीय पातळीवर खेळाडूंची निवड-वाटणी सुरू झाली, उन्हाळ्याचे महिने सरावाने व्यापले गेले आणि दोन दगडांवर पाय ठेवणे अशक्य झाले.

अभ्यासाचे प्रवाह

या विषयावरच्या लेखनात तीन प्रवाह दिसतात. पहिला उगमाचा. हा खेळ इंग्लिश शाळांतल्या फुटबॉलमधून आला, की व्हिक्टोरियाच्या पश्चिम भागातल्या आदिवासींच्या मार्नग्रूक नावाच्या खेळाचा त्यात वाटा आहे, हा वाद जुना आहे. विल्सचे बालपण त्याच भागात आदिवासी मुलांबरोबर गेले, ही गोष्ट एका बाजूची मोठी आधारशिला. त्याने नियम लिहिताना त्या खेळाचा उल्लेख केल्याचा लेखी पुरावा नाही, हे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. जेफ्री ब्लेनी यांचे १९९० मधले ‘अ गेम ऑफ अवर ओन’ हे पुस्तक या खेळाकडे मेलबर्नच्या मातीत आणि हवामानात टप्प्याटप्प्याने घडत गेलेली वस्तू म्हणून पाहते. विल्सचे पुढचे आयुष्य या वादाला आणखी एक धार देते: १८६६–६७ मध्ये त्याने आदिवासी क्रिकेटपटूंच्या संघाला शिकवले, आणि त्याच संघातले अनेक खेळाडू १८६८ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले.

दुसरा प्रवाह आकडेवारीचा. कोण किती सामने खेळला, किती गोल केले, मग किती कसोट्या खेळला, अशा याद्या करणे हा ऑस्ट्रेलियन खेळप्रेमींचा लाडका उद्योग आहे. तिसरा प्रवाह सामाजिक इतिहासाचा. नोकरी, उपनगर, शाळा, युद्ध आणि मोबदला यांच्या चौकटीत तो खेळाडूकडे पाहतो. प्रस्तुत पुस्तक तिसऱ्या प्रवाहाच्या जवळ उभे आहे, पण पहिल्या दोघांकडून उसने घ्यायला ते लाजत नाही. आकड्यांशिवाय कारकीर्द मापता येत नाही, आणि ती ज्या मैदानावर सुरू झाली ते लंबगोल का आहे, हे उगमाशिवाय कळत नाही.

चार माणसे, चार तऱ्हांचे ‘माजी’

कीथ मिलर १९४० ते १९४६ या काळात सेंट किल्डाकडून ५० सामने खेळला आणि त्याने ४२ गोल केले. मधली काही वर्षे युद्धाने खाल्ली. तो ऑस्ट्रेलियन हवाई दलात मॉस्किटो विमानाचा वैमानिक होता. युद्ध संपताच लिंडसे हॅसेटच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियन सैनिकांचा क्रिकेट संघ इंग्लंडमध्ये खेळला आणि १९४५ च्या अखेरीस मायदेशी जाताना भारतात आला. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे तीन अनधिकृत कसोटी सामने झाले. पहिले दोन अनिर्णित राहिले. डिसेंबरमध्ये मद्रासच्या चेपॉक मैदानावर रुसी मोदीने २०३ आणि लाला अमरनाथने ११३ धावा केल्या आणि विजय मर्चंटच्या भारताने सामना सहा गडी राखून जिंकून मालिका खिशात टाकली. लढाईतून थेट खेळायला आलेल्या त्या संघातला मिलर अजून पुरता क्रिकेटपटू झालेला नव्हता. पुढच्याच हिवाळ्यात तो पुन्हा सेंट किल्डाकडून खेळला. त्यानंतर सिडनीला राहायला गेला आणि क्रिकेटने त्याला कायमचे बांधून घेतले. ५५ कसोट्या, २९५८ धावा आणि १७० बळी. क्रिकेटच्या दडपणाबद्दल विचारले की तो विमानाच्या मागे लागलेल्या जर्मन विमानाची आठवण काढत असे. त्याच्या बाबतीत ‘माजी फुटबॉलपटू’ या शब्दाचा अर्थ युद्धाने आणि स्थलांतराने ठरवला.

सॅम लॉक्स्टन हा मिलरचा जिवलग मित्र आणि त्याच काळात सेंट किल्डाचा गोल करणारा गडी. १९४२ ते १९४६ या काळात ४१ सामन्यांत ११४ गोल. १९४८ मध्ये इंग्लंडमध्ये एकही सामना न हरलेल्या ब्रॅडमनच्या संघात दोघेही होते. ऑस्ट्रेलियाच्या संघाबरोबर लॉक्स्टन मद्रासला खेळाडू म्हणून नव्हे, व्यवस्थापक म्हणून आला. १९५९–६० मध्ये रिची बेनॉच्या संघाने पाकिस्तान आणि भारताचा लांबलचक दौरा केला तेव्हा संघाची वळकटी बांधण्यापासून आजाऱ्यांची काळजी घेण्यापर्यंतचा भार व्यवस्थापकावर होता. जानेवारी १९६० चा मद्रासचा सामना चेपॉकवर नव्हे, कॉर्पोरेशन स्टेडियमवर झाला; त्या दशकात कसोट्या तिथेच होत. लेस फॅव्हेलच्या शतकाच्या जोरावर ऑस्ट्रेलियाने तो एक डाव आणि ५५ धावांनी जिंकला. लॉक्स्टन तेव्हा व्हिक्टोरियाच्या विधानसभेचा सदस्यही होता. फुटबॉल, क्रिकेट, राजकारण आणि संघाचे व्यवस्थापन हे सारे एकाच आयुष्यात मावत होते, कारण त्यातले एकही काम पूर्णवेळचे नव्हते.

सायमन ओ’डॉनेलपर्यंत चित्र बदलले. त्याचे वडीलही सेंट किल्डाकडून खेळले होते. तो स्वतः १९८२ आणि १९८३ या दोन हंगामांत २४ सामने खेळला आणि त्याने १८ गोल केले. मग त्याला निवड करावी लागली आणि त्याने क्रिकेट निवडले. १९८३–८४ च्या हंगामात व्हिक्टोरियाकडून पहिल्याच प्रथम श्रेणी सामन्यात त्याने शतक ठोकले. ९ ऑक्टोबर १९८७ रोजी विश्वचषकातला भारत-ऑस्ट्रेलिया सामना चेपॉकवर झाला तेव्हा तो संघात होता. ऑस्ट्रेलियाच्या डावात डीन जोन्सचा एक फटका चौकार ठरवला गेला. डाव संपल्यावर ऑस्ट्रेलियाच्या बाजूने तो षटकार असल्याचे म्हणणे मांडले गेले, कपिलदेवने मान्य केले आणि २६८ चे २७० झाले. भारताचा डाव २६९ वर संपला. एक चेंडू बाकी असताना स्टीव्ह वॉने मनिंदरसिंगचा त्रिफळा उडवला. वर्षभरापूर्वी, सप्टेंबर १९८६ मध्ये, याच मैदानावर कसोटी बरोबरीत सुटली तेव्हाही शेवटचा बळी मनिंदरचाच होता.

सेंट किल्डाला लीगचे विजेतेपद आजवर एकदाच मिळाले आहे, १९६६ मध्ये कॉलिंगवूडविरुद्ध, तेही अवघ्या एका गुणाने. तो गुण बिहाइंडचा होता, म्हणजे नेम थोडक्यात चुकल्यावर मिळणारा. चेपॉकची एक धाव आणि मेलबर्नचा तो एक गुण यांची सांगड क्रीडाप्रेमींनी घातली तर नवल नाही. ओ’डॉनेलची पुढची कथा मात्र योगायोगाची नाही. विश्वचषक जिंकून तो घरी परतला आणि बरगडीच्या दुखण्यामागे लिम्फोमा हा कर्करोग असल्याचे निदान झाले. उपचार घेऊन तो १९८८–८९ मध्ये पुन्हा ऑस्ट्रेलियाकडून खेळायला उतरला, १९९० मध्ये शारजात १८ चेंडूंत अर्धशतक काढून त्याने तेव्हाचा विश्वविक्रम केला आणि ८७ एकदिवसीय सामन्यांत १०८ बळी घेतले. त्याचे ‘माजी’पण स्वतःच्या निवडीतून आले.

शेन वॉर्नला निवडीची संधीच मिळाली नाही. मेलबर्नच्या दक्षिणेकडच्या उपनगरात वाढलेल्या या मुलाचे स्वप्न फुटबॉलचे होते. सेंट किल्डाच्या १९ वर्षांखालील संघात तो खेळला, राखीव संघापर्यंत पोचला आणि १९८८ च्या हंगामानंतर क्लबने त्याला निरोप दिला. एका क्लबने नाकारलेला हा तरुण चार वर्षांच्या आत, जानेवारी १९९२ मध्ये सिडनीत भारताविरुद्ध कसोटी खेळत होता. पहिला बळी रवी शास्त्रीचा. पण त्याआधी शास्त्रीने २०६ धावा केल्या होत्या आणि वॉर्नचे पृथक्करण १५० धावांत १ बळी असे होते.

चेन्नईशी त्याचे नाते तीन कसोट्यांचे. १९९८ च्या दौऱ्याची सुरुवातच त्याला जड गेली. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर सचिन तेंडुलकरने नाबाद २०४ धावा केल्या, मुंबईने पाहुण्यांना दहा गडी राखून हरवले आणि वॉर्नला एकही बळी मिळाला नाही. चेपॉकच्या पहिल्या डावात त्याने सचिनला ४ धावांवर स्लिपमध्ये मार्क टेलरकरवी झेलबाद केले. दुसऱ्या डावात सचिन नाबाद १५५. लेगस्टंपाबाहेरच्या उखडलेल्या जागेत पडणाऱ्या लेगब्रेकची तालीम त्याने लक्ष्मण शिवरामकृष्णनकडून गोलंदाजी करून घेऊन केली होती. भारताने सामना १७९ धावांनी जिंकला. २००१ मध्ये हरभजनसिंगने १५ बळी घेतले आणि भारत दोन गड्यांनी जिंकला. तिथेही वॉर्न हरलेल्या बाजूला.

तिसरी कसोटी १४ ऑक्टोबर २००४ रोजी सुरू झाली. तिच्या तीन दिवस आधी, ११ ऑक्टोबरला, कीथ मिलरचे वयाच्या ८४ व्या वर्षी मेलबर्नजवळ निधन झाले होते. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी वॉर्नच्या चेंडूवर इरफान पठाणची कड लागली, स्लिपमध्ये मॅथ्यू हेडनने झेल टिपला आणि वॉर्नचा ५३३ वा कसोटी बळी नोंदला गेला. मुथय्या मुरलीधरनचा ५३२ चा विक्रम मागे पडला. त्या डावात वॉर्नने १२५ धावांत ६ बळी घेतले, अनिल कुंबळेने सामन्यात १३ घेतले, आणि पाचव्या दिवशीचा पाऊस सामना घेऊन गेला. भारताला जिंकायला २१० धावा हव्या होत्या, दहाही गडी हाताशी होते. मुरलीधरनने पुढे तो विक्रम परत घेतला. वॉर्न ७०८ बळींवर थांबला.

चेन्नईशी त्याचा आणखी एक सामना महाराष्ट्रात झाला. १ जून २००८ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर पहिल्या आयपीएलच्या अंतिम सामन्यात वॉर्नच्या राजस्थान रॉयल्सने चेन्नई सुपर किंग्जला शेवटच्या चेंडूवर तीन गडी राखून हरवले. विजयी धाव निघाली तेव्हा कर्णधार वॉर्न दुसऱ्या टोकाला उभा होता. नावाजलेले खेळाडू फारसे नसलेला आणि बाहेरच्यांनी फारसा न मोजलेला तो संघ होता. क्लबाकडून नकार पचवलेल्या माणसाला तो उमगला, असे म्हणण्याचा मोह होतो. पुस्तक असा दुवा जोडताना सावध राहते. मार्क घेण्याने लेगब्रेक सुधारत नाही.

सेंट किल्डाबाहेर

चौघांच्या आजूबाजूला आणखी बरेच जण आहेत. टास्मानियातून आलेला मॅक्स वॉकर मेलबर्न क्लबकडून ८५ सामने खेळला आणि मग ३४ कसोट्यांत १३८ बळी घेऊन गेला. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या लीगमधला नील हॉक १९६४ मध्ये बॉब सिम्पसनच्या संघातून भारतात आला. त्याच दौऱ्यात मद्रासला बापू नाडकर्णींनी ३१ धावांत ५ आणि ९१ धावांत ६ बळी घेतले, तरी सामना ऑस्ट्रेलियाने जिंकला. पोर्ट अॅडलेडचा गोलमास्टर एरिक फ्रीमन १९६९–७० च्या दौऱ्यात होता. त्याच संघातल्या कीथ स्टॅकपोलचे वडील कॉलिंगवूड आणि फिट्झरॉय या क्लबांकडून फुटबॉल खेळले होते.

भारतालाही या जातीचे खेळाडू परके नाहीत आणि त्यांतला एक तर चेपॉकचाच. एम. जे. गोपालन हा मद्रासचा वेगवान गोलंदाज आणि तितकाच चांगला हॉकीपटू. ४ नोव्हेंबर १९३४ रोजी चेपॉकवर मद्रास आणि म्हैसूर यांच्यात रणजी करंडकाचा पहिला सामना झाला, त्यातला पहिला चेंडू त्याने टाकला. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकसाठी हॉकी संघ आणि इंग्लंड दौऱ्यासाठी क्रिकेट संघ अशी दोन्ही दारे उघडी असताना तो इंग्लंडला गेला. हॉकी संघ सुवर्णपदक घेऊन परतला. बंगालचा चुनी गोस्वामी फुटबॉलमध्ये भारताचा कर्णधार होता आणि १९७१–७२ मध्ये त्याने बंगालला रणजीच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. या दोघांच्या शेजारी मिलर आणि लॉक्स्टनला बसवले, की ते परदेशी चमत्कार वाटत नाहीत. हौशी खेळाच्या काळाने जगभर घडवलेला माणसांचा तो एक प्रकार होता.

आजच्या काळात हा विषय कशाला

पहिले कारण, हा प्रकार संपत आला आहे आणि उलट दिशेने नव्याने सुरूही होत आहे. पुरुषांच्या खेळात सोळा-सतराव्या वर्षीच निवड करावी लागते. व्हिक्टोरियाच्या अॅलेक्स कीथने आधी क्रिकेट निवडले, काही वर्षांनी ते सोडून तो अॅडलेड आणि मग वेस्टर्न बुलडॉग्जकडून एएफएल खेळला. म्हणजे आता फुटबॉलपटूच माजी क्रिकेटपटू असतो. महिलांच्या खेळात मात्र जुने दिवस थोडा काळ परत आले. एएफएलची महिला लीग २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचा हंगाम छोटा आणि मोबदला अपुरा होता. साहजिकच दोन्हीकडे खेळणाऱ्या मुली दिसू लागल्या. जेस डफिन हे त्यांतले ठळक नाव. जेस कॅमेरॉन या माहेरच्या नावाने तिने १७ फेब्रुवारी २०१३ रोजी मुंबईच्या ब्रेबॉर्नवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ७५ धावा केल्या. पुढे ती कॉलिंगवूड आणि नॉर्थ मेलबर्नकडून फुटबॉल खेळली.

दुसरे कारण घरचे आहे. मेलबर्नमध्ये आज मराठी आणि तमिळ कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांची मुले शनिवारी सकाळी ‘ऑसकिक’ या बालवर्गात लांबट चेंडू आपटायला शिकतात आणि भारतात आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर तो चेंडू दाखवतात. २००८ मध्ये मेलबर्नला या खेळाचा आंतरराष्ट्रीय चषक झाला, त्यात भारताचाही संघ उतरला होता. आजोबांना चेपॉकचा मनिंदर आठवतो, नातवाला सेंट किल्डाचा खेळाडू; दोघांच्या बोलण्याला समान धागा द्यायचा तर ओ’डॉनेल उपयोगी पडतो.

पुस्तकाचा बेत

प्रत्येक कारकीर्द या पुस्तकात दोन मैदानांवर मांडली आहे. एक ऑस्ट्रेलियातले क्लबचे मैदान, दुसरे चेन्नईतले. सेंट किल्डाच्या खेळाडूंच्या बाबतीत पहिले मैदान बहुतेक वेळा जंक्शन ओव्हल. १९६४ पर्यंत क्लब तिथे खेळला, पुढल्या वर्षी मूरॅबिनला गेला. वॉर्न ज्या सेंट किल्डा क्रिकेट क्लबकडून खेळला त्याचे घर मात्र जंक्शन ओव्हलच राहिले. दुसरे मैदान बहुतेक वेळा चेपॉक, जिथे फेब्रुवारी १९५२ मध्ये विजय हजारेंच्या नेतृत्वाखाली भारताने पहिली कसोटी जिंकली.

क्रम काळानुसार असला तरी वर्गवारी ‘माजी’ होण्याच्या कारणानुसार आहे: युद्ध, स्थलांतर, स्वतःची निवड, क्लबचा नकार आणि व्यवसायाची अट. खेळाडूच्या खासगी आयुष्यातल्या घडामोडींना खेळाच्या निर्णयावर परिणाम झाला असेल तेवढीच जागा दिली आहे. गुण, गोल आणि बळी यांचे आकडे मजकुरात जिथे अर्थ वाढवतात तिथेच येतात. खेळाच्या संज्ञा शक्यतो रूढ रूपातच ठेवल्या आहेत. ‘मार्क’ला झेल म्हटले तर क्रिकेटच्या झेलाशी गोंधळ होतो, आणि दोन खेळांमधला नेमका फरक दाखवणे हेच या लेखनाचे काम आहे.